पाळीव प्राण्यांचे नेत्रारोग्य आणि घरातील औषधाची कुपी

(तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या पशुपालकांच्या मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



संस्कृत कवींना आपल्या नायिकांचे डोळे वर्णावयाचे असत तेव्हा ते पशुपक्ष्यांकडे धाव घेत. हरिणावरून मृगाक्षी झाली, माशावरून मीनाक्षी झाली. खंजन आणि चकोर हे पक्षीही त्या कामी आले. ज्यांच्याकडून हे डोळे उसने आणले त्यांचे डोळे दुखू लागले तर काय करावे, याचा विचार मात्र काव्यशास्त्राने केलेला नाही. मी कला शाखेचा पदवीधर आहे, पशुवैद्यक नाही. या विषयातील जाणकारांनी सिद्ध केलेले ज्ञान सोप्या शब्दांत आपल्यापर्यंत पोहोचविणे, एवढेच माझे काम. तेव्हा कोणते औषध द्यावे हे मी सांगणार नाही. कोणते देऊ नये आणि दवाखाना किती वेळात गाठावा, हे सांगणार आहे. आणि माझ्या समजुतीप्रमाणे सामान्य पशुपालकाच्या दृष्टीने या विषयाचा निम्म्याहून अधिक भाग तेवढाच आहे.

कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांची रचना बरीचशी आपल्यासारखीच आहे. पुढे काचेसारखे स्वच्छ पारपटल, त्यामागे बुबुळ आणि बाहुली, मग भिंग आणि सर्वांत मागे दृष्टिपटल. दृष्टिपटलाच्या पाठीशी त्यांना आरशासारखा एक चकचकीत थर असतो. रात्री मोटारीच्या दिव्यात रस्त्यावरच्या मांजराचे डोळे हिरवट चमकतात ते त्यामुळे. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग ओळखता येतो. तांबडा आणि हिरवा यांतील भेद त्याला नीट कळत नाही. आणि आपल्याला नसलेली एक तिसरी पापणी त्यांना असते. ती डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात दडलेली असते. तिच्या बुडाशी एक अश्रुग्रंथी असून डोळ्यातील ओलाव्याचा सुमारे तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग ती एकटी पुरविते. या ग्रंथीकडे मी पुन्हा येणार आहे.

आपल्या आणि त्यांच्या डोळ्यांत खरा फरक आहे तो तक्रारीचा. माणूस दिसेनासे झाले की बोलतो. कुत्रा बोलत तर नाहीच. शिवाय वासाच्या आणि कानाच्या आधारावर तो इतक्या सफाईने निभावून नेतो, की त्याची दृष्टी हळूहळू जात असल्याचे घरच्यांच्या लक्षातही येत नाही. आपल्या गोव्यात हे बहुधा चवथीच्या सुमारास उघडकीस येते. घराची साफसफाई होते, रंग दिला जातो, माटोळी बांधण्यासाठी सामान इकडचे तिकडे होते, आणि दहा वर्षांचा कुत्रा अचानक खुर्च्यांवर आदळू लागतो. 'चवथीपासून आंधळा झाला' असे मग घरचे लोक डॉक्टरांना सांगतात. वास्तविक तो कित्येक महिने आंधळाच असतो. घराचा नकाशा मात्र त्याला तोंडपाठ होता.

म्हणून डोळे आपण होऊन पाहावे लागतात. आठवड्यातून एकदा, भरपूर उजेडात, दोन्ही डोळे शेजारी ठेवून तुलना करावी. एक डोळा दुसऱ्यापेक्षा लाल आहे काय, बारीक करून धरला आहे काय, एका बाजूची बाहुली मोठी दिसते काय, पारपटलावर धुके आल्यासारखे वाटते काय, एवढेच पाहावयाचे. डोळा बारीक करून धरणे हे दुखण्याचे लक्षण आहे. कुत्रा ओरडत नाही, व्यवस्थित खातो, म्हणून दुखत नसेल असे मानू नये. येथे एक सावधगिरी सांगतो. कुत्र्याचे वागणे एकाएकी बदलले असेल, लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, तर त्याच्या डोळ्याला वा तोंडाला हात लावू नये. तो रेबीज असू शकतो. त्याला वेगळे ठेवून लगेच पशुवैद्यकास कळवावे.

आता मी ज्या कुपीचा उल्लेख भाषणाच्या शीर्षकात केला आहे तिच्याकडे वळतो. बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात डोळ्यांत घालावयाच्या थेंबांची एक अर्धी कुपी असते. आजोबांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती तेव्हाची ती असते. कुत्र्याचा डोळा लाल दिसला की कोणातरी मायाळू माणसाला ती आठवते. औषध डोळ्याचेच आहे, डॉक्टरांनीच दिलेले आहे, मग बिघडले कोठे? बिघडते ते असे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिल्या जाणाऱ्या थेंबांत बहुधा डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी एखादे स्टेरॉइड असते. डोळ्याची आग आणि लाली ते झपाट्याने कमी करते, आणि योग्य जागी ते उत्तम औषध आहे. परंतु कुत्र्याचा डोळा लाल होण्याचे एक फार सामान्य कारण म्हणजे पारपटलावर पडलेली जखम. मांजराने ओरबाडले, झुडपात शिरताना काटा लागला, पापणीचा केस आत वळून घासत राहिला, की ही जखम होते. अशा जखमेवर स्टेरॉइड पडले तर ती भरून येण्याची क्रिया थांबते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. कुत्र्याचे पारपटल सरासरी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून किंचितच अधिक जाड असते. काही जंतू आणि जखमेत जमलेल्या पेशी असे पाचक रस सोडतात, की त्यांनी हे पटल अक्षरशः विरघळू लागते आणि एका दिवसात त्याला भोक पडू शकते. पहिल्या दिवशी लाली उतरलेली पाहून घरचे लोक समाधान पावतात. चौथ्या दिवशी डोळा वाचविण्याची वेळ टळून गेलेली असते. तज्ज्ञांच्या तोंडून ही हकिगत मी इतक्या वेळा ऐकली आहे, की आजच्या भाषणातून आपण एवढीच एक गोष्ट घरी नेली तरी हे भाषण सत्कारणी लागले असे मी समजेन. शिवाय उघडलेली कुपी साधारण महिनाभरानंतर माणसानेही वापरू नये, हे आजोबांनाही सांगावे.

जखम आहे की नाही हे नुसत्या नजरेने पुष्कळदा कळत नाही. त्यासाठी जी तपासणी आहे ती स्वस्त आहे आणि जुन्या शोधावर आधारलेली आहे. आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७१ साली फ्लुओरेसीन नावाचा रंग तयार केला. त्या रंगात बुडवून वाळविलेली नारिंगी कागदाची पट्टी ओली करून डोळ्याला लावली की रंग अश्रूंत मिसळून हिरवा होतो. पारपटल धड असेल तर तो वाहून जातो. जेथे जखम असेल तेथे चिकटून राहतो आणि निळ्या प्रकाशात पोपटी हिरवा चमकतो. थोड्या वेळाने नाकपुडीत हिरवा थेंब उतरला तर डोळ्यातून नाकात जाणारी नळीही मोकळी आहे, हे त्याच पट्टीने कळते. माझे वैयक्तिक मत विचाराल तर राजधानीत एखादे मोठे यंत्र बसविण्यापूर्वी प्रत्येक तालुका दवाखान्यात या पट्ट्या आणि एक निळ्या काचेची बॅटरी असणे अधिक अगत्याचे आहे. जखम गंभीर असेल तर डॉक्टर कधीकधी त्या जनावराचेच रक्त काढून त्यातील पिवळसर रसाचे थेंब त्याच्या डोळ्यात घालतात. पटल विरघळविणाऱ्या द्रव्यांना तो रस अडवितो. महागड्या औषधाइतकेच हे घरचे औषध कामी येते, मात्र ते तयार डॉक्टरांनीच करावयाचे असते.

घरचे औषध म्हटल्यावर दूध, मध, हळद, तुरटी, काजळ यांची आठवण निघणारच. यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. चिकटा पुसावयाचा असेल तर उकळून गार केलेले पाणी आणि कापसाचा बोळा पुरे. प्रत्येक डोळ्यासाठी बोळा वेगळा. दिवाळीच्या सुमारास भिंतीला लावावयाचा चुना डोळ्यात गेला तर मात्र एक क्षणही न दवडता स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धूत राहावे आणि मगच दवाखान्याकडे निघावे. चुना आत आत जाळीत जातो.

२००३ च्या सुमारास एका मोबाईल फोन कंपनीच्या जाहिरातीत चपट्या तोंडाचा एक पग कुत्रा मुलाच्या पाठोपाठ चालताना दिसला आणि त्यानंतर आपल्या शहरांत पगची लाट आली. पग, शिह त्झू, पेकिनीज, ल्हासा अप्सो या जातींचे डोळे मोठे आणि खोबणी उथळ असते. ते डोळे आपल्याला गोजिरे वाटतात. पण त्यांच्या पापण्या नीट मिटत नाहीत, नाकावरच्या घडीतील केस डोळ्याला घासतात, आणि मानेला जोराचा हिसका बसला किंवा मोठ्या कुत्र्याने डोके धरले तर डोळ्याचा गोलच बाहेर येऊ शकतो. या कुत्र्यांना गळ्यात पट्टा न घालता छातीभोवतीचा पट्टा घालावा. गोल बाहेर आलाच तर तो आत ढकलू नये. स्वच्छ ओला कपडा त्यावर धरून, कुत्र्याला पंजा मारू न देता, तासाभरात दवाखाना गाठावा. आपल्या गावठी कुत्र्याला हा त्रास सहसा होत नाही. ज्याला आपण दारातून हाकलतो त्याचे डोळे मजबूत, आणि ज्याला हजारो रुपये देऊन आणतो त्याचे नाजूक.

वेळेच्या बाबतीत सर्वांत निष्ठुर आजार काचबिंदू. डोळ्याच्या आतील द्रवाचा दाब वाढतो आणि दृष्टीची मुख्य नस चेपली जाते. कुत्र्यात हा दाब साधारणपणे पाऱ्याच्या दहा ते पंचवीस मिलिमीटरांच्या दरम्यान असतो. एकाएकी आलेल्या काचबिंदूत तो दुप्पट आणि त्याहूनही वर जातो. डोळा लाल, पारपटल निळसर धुरकट, बाहुली मोठी आणि प्रकाशाने न आकसणारी, कुत्रा कोपऱ्यात पडून, खाणे सोडलेला, असे चित्र दिसले तर उद्याची वाट पाहू नये. एकदोन दिवसांत गेलेली दृष्टी परत येत नाही. कॉकर स्पॅनियल आणि बॅसेट हाउंड या जातींत हे अधिक आढळते. दाब मोजण्याचे उपकरण सर्वत्र नसते, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी 'पुढे जा' असे सांगितले तर त्याच दिवशी जावे.

आता त्या अश्रुग्रंथीविषयी. लहान वयाच्या कुत्र्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात कधी कधी चेरीच्या फळासारखा लाल गोळा दिसू लागतो. ती गाठ नव्हे. तिसऱ्या पापणीतील ग्रंथी जागेवरून सुटून वर आलेली असते. पूर्वी ती कापून टाकण्याची पद्धत होती. शस्त्रक्रिया चटकन होई आणि डोळा स्वच्छ दिसे. पुढे काही वर्षांनी यांतील अनेक कुत्र्यांचे डोळे कोरडे पडू लागले, तेव्हा ग्रंथीचे मोल कळले. आज ती कापीत नाहीत. पापणीच्या आतल्या बाजूस लहानसा खिसा करून त्यात ती परत बसवितात. कोणी कापून टाकू म्हणाले तर दुसरे मत जरूर घ्यावे.

कोरडा डोळा हा ग्रंथी शाबूत असतानाही होतो. शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच अश्रुग्रंथींवर उलटल्याने तो बहुधा उद्भवतो. लक्षण मात्र फसवे आहे. डोळा कोरडा म्हणावा, तर त्यात उलट चिकट, पिवळट घाण सतत साचलेली दिसते. 'डोळे आले' असे समजून महिनोन्महिने जंतुनाशक थेंब घातले जातात आणि तोवर पारपटल काळवंडून अपारदर्शक होते. याची तपासणीही कागदाच्याच पट्टीची. ऑटो शिर्मर या जर्मन नेत्रवैद्याने १९०३ मध्ये माणसांसाठी ती सुचविली. पट्टीचे टोक खालच्या पापणीत अडकवून एक मिनिट थांबावयाचे; निरोगी कुत्र्यात ओल पंधरा मिलिमीटर वा त्यापुढे चढते, दहाच्या आत राहिली तर संशय घ्यावा. यावरचे मुख्य औषध सायक्लोस्पोरीन. नॉर्वेतील एका पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून ते मिळाले आणि माणसात अवयवरोपण यशस्वी होण्यास त्याचा मोठा हातभार लागला. तेच औषध डोळ्यात घातले असता कुत्र्याचे अश्रू पुन्हा वाहू लागतात. मात्र ते बहुधा जन्मभर घालावे लागते, आणि सुधारणा दिसली म्हणून बंद केले की आजार परततो.

मोतीबिंदूविषयी आपल्या देशात फार प्राचीन काळापासून विचार झालेला आहे. सुश्रुतसंहितेत माणसाच्या मोतीबिंदूवरील शस्त्रक्रिया वर्णिलेली आहे. कुत्र्याच्या बाबतीत प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सहा-सात वर्षांनंतर भिंग घट्ट होऊन डोळ्यात निळसर झाक दिसू लागते. तो मोतीबिंदू नव्हे आणि त्याने कुत्रा आंधळा होत नाही. खरा मोतीबिंदू पांढरा, प्रकाश अडविणारा. तो आनुवंशिक असतो किंवा मधुमेहाने येतो. मधुमेह झालेल्या कुत्र्यांपैकी बहुसंख्य कुत्र्यांना वर्ष-दीड वर्षात मोतीबिंदू होतो, तोही कधी कधी काही दिवसांतच. फार पाणी पिणारा, फार लघवी करणारा, खाऊनही वाळत जाणारा कुत्रा असेल तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबण्याची जुनी समजूत येथे घातक आहे, कारण पिकलेल्या भिंगातून झिरपणाऱ्या द्रव्याने डोळा आतून सुजतो आणि शस्त्रक्रियेचे यश घटते.

ही शस्त्रक्रिया विशेषज्ञाचे काम आहे. चार्ल्स केलमन या अमेरिकन नेत्रवैद्याने १९६७ मध्ये प्रचारात आणलेली, उच्च कंप्रतेच्या लहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची पद्धत आता कुत्र्यांतही वापरतात. आधी दृष्टिपटल जिवंत आहे की नाही हे त्याच्या विद्युत् प्रतिसादावरून पाहतात, कारण मागचा पडदाच मेलेला असेल तर पुढचे भिंग बदलून उपयोग नाही. कुत्र्यासाठी कृत्रिम भिंग माणसाचे चालत नाही. माणसाला सुमारे वीस डायॉप्टरचे लागते, कुत्र्याला एक्केचाळीसचे. संपूर्ण भूल द्यावी लागते आणि पुढे कित्येक आठवडे दिवसातून अनेकदा थेंब घालावे लागतात. जो कुत्रा मालकाला तोंडाशी हात नेऊ देत नाही त्याची शस्त्रक्रिया करू नये, असे अनुभवी डॉक्टर स्पष्ट सांगतात, आणि मला ते प्रामाणिकपणाचे वाटते.

अमेरिकेत पशुनेत्रतज्ज्ञांचे स्वतंत्र महाविद्यालय १९७० च्या सुमारास स्थापन झाले. आपल्याकडे हे शिक्षण मुख्यतः शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात अंतर्भूत असते. मुंबईस परळ येथे १८८६ मध्ये सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालय, १९०३ चे मद्रासचे महाविद्यालय, इज्जतनगरची संशोधन संस्था अशा ठिकाणी डोळ्यांच्या अवघड शस्त्रक्रिया होतात. इंदूरकडील आपल्या वाचकांना १९५५ चे महूचे महाविद्यालय जवळ आहे. खर्च आणि प्रवास प्रत्येकाला झेपेल असे मी म्हणणार नाही. म्हणूनच तालुक्यात वेळेवर केलेल्या तपासणीचे महत्त्व.

गोचिडांविषयी दोन शब्द. आपल्या दमट हवेत गोचिडांमार्फत पसरणारा एर्लिकिया हा जंतू कुत्र्याच्या रक्तातील बिंबिका घटवितो, आणि त्यामुळे डोळ्यात रक्त उतरून तो एकाएकी आंधळा होऊ शकतो. वेळीच ओळखल्यास यावर औषध आहे. त्याचप्रमाणे कुत्र्याच्या पिल्लांच्या पोटातील गोल जंतांची अंडी मातीतून मुलांच्या पोटात गेल्यास त्यांच्या अळ्या मुलांच्या डोळ्यापर्यंत पोहोचतात. पिल्लांना जंताचे औषध देणे हे घरातील मुलांच्या डोळ्यांचेही रक्षण होय.

मांजरांचा विषय मी थोडक्यात आटोपतो. शाकाहारी घरांत मांजराला दूधभातावर वाढवितात. मांजराच्या शरीरात टॉरिन हे द्रव्य पुरेसे तयार होत नाही. ते मांसमाशांतून मिळावे लागते. त्याच्या अभावी मांजराचे दृष्टिपटल झिजते, हे १९७५ मध्ये सिद्ध झाले. झिजलेला भाग परत येत नाही. ज्यांना घरात मासळी आणणे शक्य नाही त्यांनी मांजरासाठी तयार मिळणारे खाद्य द्यावे. कुत्र्याचे खाद्य मांजराला चालत नाही. म्हाताऱ्या मांजराची दृष्टी एका रात्रीत गेली तर रक्तदाब आणि मूत्रपिंडे तपासावीत. पोपटाच्या डोळ्यांविषयी मला दोनदा विचारण्यात आले आहे. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, एवढेच उत्तर देतो.

थेंब घालण्याची रीत अशी. कुत्र्याच्या समोरून कुपी आणू नये. त्याच्या मागे बसून हनुवटी वर उचलावी, हात कपाळावर टेकवून वरची पापणी ओढावी आणि कुपीचे टोक डोळ्याला न लावता एक थेंब सोडावा. दोन औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. थेंब आधी, मलम नंतर. पंजाने खाजवू नये म्हणून गळ्याभोवती घालावयाची प्लॅस्टिकची झालर काढण्याचा मोह आवरावा.

इतके करूनही काही कुत्रे आंधळे होतातच. मागच्या पडद्याच्या आनुवंशिक झिजेवर आज उपाय नाही. अशा कुत्र्यापासून पैदास करू नये, एवढेच आपल्या हाती आहे. परंतु आंधळ्या कुत्र्याला मारून टाकावे काय, असा जो प्रश्न मला विचारतात त्याचे उत्तर नाही असे आहे. डोळ्यात वेदना नसेल तर तो वर्षानुवर्षे समाधानाने राहतो. सामान हलवू नये, खाण्याची वाटी एकाच जागी ठेवावी, विहिरीला कठडा आणि जिन्याला फळी लावावी, हात लावण्याआधी नावाने हाक मारावी. पदेराचा भोंपू ऐकून तो घरातील सर्वांच्या आधी बाल्कांवात जाऊन उभा राहील.

भाषणानंतर येथील डॉक्टर त्या हिरव्या रंगाची तपासणी प्रत्यक्ष करून दाखविणार आहेत. ज्यांनी आपली कुत्री बरोबर आणली आहेत त्यांनी ती बांधून, मांजरे पिशवीत अथवा टोपलीत ठेवून, बाहेरच्या मांडवात यावे. ज्यांच्या जनावराचा डोळा आजच लाल आहे त्यांना आधी पुढे येऊ द्यावे, आणि घरून आणलेली कुपी असेल तर तीही डॉक्टरांना दाखवावी.